‘कोर्ट’ बघताना झोप लागली, आता ग्रुपला काय सांगू?

पत्र:

ताई, मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे सध्या पुण्यात. ऑफिसातल्या काही जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी दुपारी कोणाच्या तरी फ्लॅटवर जमतो, बिर्याणी मागवतो आणि एक पिक्चर बघून त्यावर चर्चा करतो. मागे ‘कोर्ट’ लावला होता आणि मी चक्क झोपलो. नंतर विचारलं तर म्हणालो, ‘मस्त होता, एकदम रिअल.’ त्याआधी एकदा बोलून गेलो होतो की माझा ऑलटाइम फेवरेट ‘अशी ही बनवाबनवी’, तर एकजण इतका हसला की पुन्हा तोंड उघडलंच नाही. सगळे म्हणतात ‘सैराट’चा सेकंड हाफ बोअर आहे, मला तोच जास्त आवडला, पण तेही बोललो नाही. घरी उलटा प्रकार. ‘नटसम्राट’ टीव्हीवर लागला, बाबा रडत होते आणि मी म्हणालो ‘जरा ओव्हर आहे’. तेव्हापासून बाबा माझ्याशी पिक्चरबद्दल बोलतच नाहीत. माझी आवडच गंडलेली आहे का? आणि पुढच्या रविवारी पिक्चर निवडायची पाळी माझी आहे. काय लावू?
– एक गपचूप प्रेक्षक

उत्तर:

अरे गपचूप, झोपेचं आधी मिटवू. भर दुपारी बिर्याणी खाऊन ‘कोर्ट’ लावायचा हा मुळातच गुन्हा आहे आणि तो तुझा नाही, ज्याने लावला त्याचा आहे. चैतन्य ताम्हाणेचा हा पिक्चर मोठ्या पडद्यासाठी केलेला, कॅमेरा एका कोपऱ्यात ठेवलेला आणि तो हलत नाही, आता रडा आता घाबरा असं सांगणारं म्युझिक नाही, कोणी ओरडत नाही, तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. तेव्हा झोप लागली तर लागली. तुझी चूक एकच, ‘मस्त होता, एकदम रिअल’ हे वाक्य, कारण ते कुठल्याही पिक्चरला चिकटवता येतं आणि ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांनीही तेच म्हटलं असणार याची मला खात्री आहे.

आता माझं मत विचारशील तर मला ‘कोर्ट’ प्रचंड आवडतो, आणि का ते सांगते. केस काय, तर नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर, त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगाराने जीव दिला असा त्याच्यावर आरोप. वीरा साथीदार यांनी हे काम केलंय. दुसऱ्या कुठल्याही पिक्चरने पुढे काय केलं असतं तर जोरदार भाषणं, टेबलावर मूठ आपटणं, शेवटी निकाल. इथे सुनावणी संपली की कॅमेरा एकेकाच्या मागे त्याच्या घरी जातो. सरकारी वकील बाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कोर्टात जुनी कलमं सपाट आवाजात वाचत जातात आणि नंतर तीच बाई लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी नवरा-पोरांबरोबर नाटकाला जाते. ती दुष्ट नाहीये रे. आपल्या शेजारी राहणारी, डब्याची भाजी काय करू विचारणारी बाई आहे आणि ती एका माणसाला आत सडवायला निघालीय, कारण ते तिचं काम आहे. मला त्याची भीती वाटते. आणि तो सीन आठवतो का, एका बाईने स्लीव्हलेस घातलंय म्हणून जज तिची केस ऐकायलाच नकार देतो? दोन मिनिटांचा सीन, कोणी त्यावर काही बोलत नाही, पुढची केस पुकारतात. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो, थिएटरात लोक उठून चपला शोधायला लागतात आणि मग दिसते जजसाहेबांची रिसॉर्टवरची पिकनिक. साहेब बाकावर डुलकी काढतायत, पोरं गंमत म्हणून ओरडून त्यांना उठवतात, ते दचकून उठतात आणि एकाच्या थोबाडीत ठेवून देतात. बस, संपला. (डुलकी घेणारा तू एकटाच नव्हतास एवढं तरी कळेल तुला.)

त्याच पिक्चरमधले बचावाच्या वकिलाचे काही सीन मला ताणलेले वाटतात, आणि त्याला श्रीमंत दाखवायला ते सुपरमार्केटमधलं चीज-वाइन दाखवणं जरा सोपंच वाटतं. हेही मी बोलते. २०१४ ला व्हेनिसमध्ये बक्षीस मिळालंय, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, ऑस्करला भारताकडून पाठवला होता, म्हणून त्यातल्या ताणलेल्या सीनला ताणलेला म्हणायचं नाही असं थोडीच आहे. तर ग्रुपला सरळ सांग, ‘मी मध्ये झोपलो होतो, पण जेवढा जागा होतो त्यात अमुक सीन डोक्यात राहिला.’ एक सीन. तो धरलास की मत आपोआप तुझं होतं, कारण तो सीन तू पाहिलेला असतोस, कुणाच्या रिव्ह्यूतून उचललेला नसतोस.

बरं आता ‘बनवाबनवी’. यावर हसणाऱ्याला एकच प्रश्न विचार, बिली वायल्डरचा १९५९ चा ‘सम लाइक इट हॉट’ चालतो का तुला? त्यातही दोन पुरुष अडचणीत सापडून बायकांचे कपडे घालतात आणि खोट्यावर खोटं बोलत सुटतात. तो क्लासिक आणि आपला टाइमपास, असं का, ते त्याने नीट समजावून सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

१९८८ चा पिक्चर, सचिनने केलेला, कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, आणि गंमत बघ, तो हिंदी फार कमी जणांना आठवतो आणि मराठीतले डायलॉग तिसऱ्या पिढीची पोरं मीममध्ये वापरतात. का? माझ्या मते पहिलं कारण जागा. पुण्यात बॅचलरला खोली मिळत नाही हे तुला मी काय सांगायचं, तू स्वतः भोगलं असशील. सगळा धिंगाणा या एका खऱ्या अडचणीतून उभा राहतो, घरमालकीण लीलाबाईंना भाडेकरू जोडपीच हवीत म्हणून. फार्स हा प्रकार हवेत होत नाही, त्याला जमिनीवर घट्ट रोवलेली एक अडचण लागते. दुसरं कारण अशोक सराफ. लोक लक्ष्याच्या आणि सचिनच्या साडीकडे बघतात, तू पुढच्या वेळी फक्त धनंजय मानेकडे बघ. प्रत्येक खोटं त्याच्या डोक्यातून निघतं आणि सगळ्या खोट्यांचा हिशोब त्यालाच ठेवावा लागतो, समोरचा बोलत असताना याच्या डोळ्यांत दिसत राहतं की आता कुठली गोष्ट कोणाला काय सांगितली होती. आधीचे घरमालक सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, समोर आले की अशोकमामा अर्धा सेकंद थांबतात ना, ती अर्ध्या सेकंदाची जागा शिकवून येत नाही. आणि साडीतला लक्ष्या परशाच राहतो, सचिन मात्र खरंच सुधा होऊन जातो, दोघांचं काम वेगळंय, हे कोणी बोलतच नाही कधी. शेवट घाईत गुंडाळलाय, ते मान्य. सगळं उघड झाल्यावर इतक्या पटकन इतकी माफी? असो.

तर ‘माझा फेवरेट बनवाबनवी’ म्हणून गप्प बसलास तर हसतील. ‘अशोक सराफचा पॉज बघा’ म्हणालास तर पिक्चर पुन्हा लावतील.

‘सैराट’बद्दल तू गप्प बसलास याचा मात्र मला राग आलाय. तुझं मत माझ्या मते ग्रुपपेक्षा जास्त बरोबर होतं आणि तूच ते गिळलंस. बघ, नागराज मंजुळेने गाणी सगळी पहिल्या भागात ठेवलीत. अजय-अतुलने ऑर्केस्ट्रा थेट हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केला, एवढी मोठी व्हायोलिनं वाजतात आणि पडद्यावर काय, तर विहीर, ऊस, ट्रॅक्टर, बुलेट. आर्ची-परशाने स्वतःच्या डोक्यात बघितलेला पिक्चर आहे तो, आणि आपणही त्यात नाचतो. मग ते पळून हैदराबादला जातात आणि गाणी बंद. झोपडपट्टीतली खोली, संडासचा वास, भाषा येत नाही, आर्ची कारखान्यात कामाला लागते, परशा संशय घेतो, हात उचलतो. पाटलाची पोर, बुलेट उडवणारी, ती घर आठवून रडते. लोकांना हे बोअर होतं कारण त्यांना ‘झिंगाट’ पुन्हा हवं असतं. पण प्रेमात पडणं दाखवणारे पिक्चर ढिगाने आहेत, पळून गेल्यावर गॅस, भाडं आणि भांडणं यातून दोन पोरं हळूहळू माणसं कशी होतात हे दाखवणारे किती? आणि तो मधला भाग इतका सावकाश नसता तर शेवट इतका लागलाच नसता. त्या शेवटाला आवाज नाही. बाळ चालत जातं आणि पावलं उमटतात. म्युझिकसाठी एवढा खर्च करणारा माणूस तिथे आवाजच काढून घेतो.

‘सैराट’चा हिंदी रिमेक, २०१८ चा ‘धडक’ बघितला असशील तर आठव, तिथे जात जवळजवळ पुसूनच टाकली आणि मग राहिलं काय, तर श्रीमंत मुलगी-साधा मुलगा, जे आपण पन्नास वेळा पाहिलंय. शेवट भयानकच होता तिथेही, पण तो कुठून आला तेच कळत नाही.

(जाता जाता, मला विचारशील तर मंजुळेचाच ‘फँड्री’ ‘सैराट’पेक्षा वरचा आहे. डुक्कर पकडायची धावपळ चाललीय, अख्खं गाव हसतंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्याचं अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं आणि डुक्कर समोरून निघून जातं. हसू येतं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते. तो दगडाचा शेवट सगळ्यांना आठवतो, मला हा आठवतो.)

आता बाबांचं. इथे माझा सल्ला एकदम उलटा आहे बरं का. ग्रुपमध्ये बोल, घरी जरा थांब.

‘नटसम्राट’ ओव्हर आहे हे तुझं मत मला बरंचसं पटतं. महेश मांजरेकरांनी प्रत्येक दुःख अधोरेखित केलंय, म्युझिक सतत पाठीशी उभं, पोरं आणि सून इतक्या पटकन वाईट होतात की त्यांची बाजू कळतच नाही, आणि नाना पाटेकर काही सीनमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. पण मग हॉस्पिटलमध्ये विक्रम गोखले खाटेवर पडलेत आणि दोघं मित्र कर्ण आणि कृष्ण होऊन संवाद म्हणतात, त्या सीनला मी काहीच म्हणू शकत नाही. दोन म्हाताऱ्या नटांना एकमेकांवर प्रेम करायची तेवढी एकच रीत माहितीय, डायलॉग म्हणायची. गोखले त्यात नानांपेक्षा भारी आहेत, हे माझं मत, यावरून माझी बरीच भांडणं झालीत.

पण तू एक गोष्ट विसरतोयस. तू पिक्चर बघत होतास, बाबा बहुतेक नाटक बघत होते. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० ला रंगभूमीवर आलं, डॉ. लागूंनी बेलवलकर केला, पुढे दत्ता भटांनी, सतीश दुभाषींनी केला, आणि त्या पिढीत ज्यांनी नाटक प्रत्यक्ष पाहिलं नाही त्यांनीही त्यातली स्वगतं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणाकडून तरी ऐकलेली असतात. वर वय झालेलं, पोरगा पुण्यात. आणि ज्या पिक्चरमध्ये म्हाताऱ्याला पोरं विचारत नाहीत तो बघताना पोरगाच शेजारी बसून म्हणतो, जरा ओव्हर आहे. अरे बाबा! तू अॅक्टिंगबद्दल बोललास, त्यांनी वेगळंच ऐकलं असणार ना. त्यामुळे आता फोन करून ‘सॉरी, चांगला होता’ असं खोटं बोलू नकोस, ते कळतं. एवढंच विचार की बाबा, तुम्ही नाटक बघितलं होतं का, कोणाचं, कुठे. सांगलीचा माणूस आहे, नाटकावर विचारल्यावर गप्प बसेल असं मला तरी वाटत नाही. नाटककार देवलांच्या गावचे तुम्ही. आणि ते बोलायला लागले की मध्ये तुझं मत घालू नकोस, ते कुठे पळून जात नाही.

आवड गंडलेली आहे का, हा प्रश्न राहिला. नाही रे. आणि असली तरी काय, माझीही यादी ऐक मग. ‘पिंजरा’तली राम कदमांची गाणी मी कधीही लावते, पण त्यातला मास्तर बाईच्या नादाने बुडतो हा उपदेश मला आता पचत नाही, बाईला पिक्चरभर मोहिनी म्हणून वापरायचं आणि मग डोळे पुसायचे. ‘उंबरठा’ सगळ्यांना स्मिता पाटीलसाठी आठवतो आणि बरोबरच आहे, पण तेंडुलकरांनी त्यातला नवरा जो लिहिलाय, गिरीश कर्नाडांनी केलेला, तो मला जास्त घाबरवतो, कारण तो चांगला माणूस आहे, शिकलेला, शांत, आवाज न चढवणारा, आणि तरी सुलभा परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. ‘कट्यार’ पिक्चर म्हणून मला अर्धाच आवडतो, गाणी सोडल्यास भडक आहे, पण सचिनचा खाँसाहेब मला आवडला आणि हे म्हटलं की नाटकातले वसंतराव देशपांडेच खरे खाँसाहेब मानणारे आमच्याकडचे लोक माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत. ‘बाईपण भारी देवा’ पटकथा म्हणून ढिला आहे असं मी म्हणेन, पण २०२३ च्या पावसाळ्यात बायका नऊवारी नेसून, नथ घालून, ग्रुपने थिएटरात जात होत्या, इंटरव्हलला फुगड्या घालत होत्या, तो माहोल मी पाहिलाय आणि त्या तीन तासांवर नाक मुरडायची माझी तरी हिंमत नाही. ही सगळी मतं एकमेकांशी जुळतात का? नाही जुळत. मला त्याचं काही वाटत नाही.

एक छोटी सवय मात्र लाव. पिक्चर संपल्यावर लगेच फोन काढून रेटिंग बघायचं नाही. ते आकडे बघितले की आपलं मत त्या आकड्याच्या आसपास सरकायला लागतं, नकळत. आधी चहा घे, काय आठवतंय बघ, कुठे कंटाळा आला ते बघ, कंटाळा नक्की कुठल्या सीनपासून सुरू झाला हे सांगता येणं ही पण समीक्षाच आहे. मग खुशाल वाच काय वाचायचं ते. आणि ‘अंदाज अपना अपना’ १९९४ ला थिएटरात फारसा चालला नव्हता हे लक्षात ठेव, आज त्याचे डायलॉग पाठ नसलेला माणूस तुझ्या ग्रुपात तरी सापडणार नाही.

राहिला रविवार. माझं ऐकशील तर ‘संत तुकाराम’ लाव. हो, १९३६ चाच, प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. लगेच तोंड वाकडं करू नकोस. तुमच्या ग्रुपमध्ये जी दोन टोकं आहेत ना, फेस्टिव्हलचा पिक्चर आणि पब्लिकचा पिक्चर, ती हा एकटा मोडतो. मुंबईत वर्षाच्या वर चालला, आणि १९३७ ला व्हेनिसला गौरवला गेला, त्याच व्हेनिसला जिथे पुढे ‘कोर्ट’ गेला. शिवाय तुम्ही पुण्यात राहता, ज्या स्टुडिओत तो बनला तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय आहे, लॉ कॉलेज रोडवरून जाताना रोज दिसतं.

विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम एकदम शांत आहे, कसला अभिनय करतोय असं वाटतच नाही. पण पिक्चर खाऊन टाकते ती गौरीने केलेली जिजाई. नवरा अभंगात, घरात दाणा नाही, पोरं भुकेली, म्हैस सांभाळायची, आणि हा माणूस मिळालेलं वाटून टाकतो. ती त्याला शिव्या घालते, देवाला घालते, आणि पोरगं आजारी पडतं तेव्हा हातात चप्पल घेऊन थेट विठोबासमोर जाते. नव्वद वर्षांपूर्वीच्या भक्तिपटात! आणि ती जिंकते, म्हणजे निदान आपण प्रेक्षक तिच्या बाजूचे होतो आणि तुकारामाच्याही बाजूचे राहतो. दोघंही बरोबर. मोठमोठ्यांना हे जमत नाही.

अजून एक, त्यातलं ‘आधी बीज एकले’ तुकारामांचा अभंग समजून लोक इतकी वर्षं म्हणतायत, ते शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेलं गाणं आहे. ग्रुपला हे आधी सांगू नकोस, कोणीतरी ‘वा, काय अभंग आहे’ म्हणेपर्यंत थांब.

प्रिंट जुनी, आवाज खरखरतो, पहिली पंधरा मिनिटं कान जुळवायला जातील. शेवटचं विमान बघून एखादा म्हणेल इफेक्ट्स काय ओव्हर आहेत, म्हणू दे. तुला विचारलं की तू चपलेच्या सीनपासून सुरू कर.